डाव्या बाजूचं झाकण

मी दात बनवते. कोणी विचारलं की एवढंच सांगते, कारण पुढचं ऐकायची कोणाला फारशी हौस नसते. डॉक्टर माणसाच्या जबड्याचा साचा पाठवतात, त्यावरून मी आधी मेणाचा आणि मग कायमचा दात घडवते. केसाच्या जाडीएवढा उंच राहिला तरी माणसाला घास चावता येत नाही. म्हणून आमच्या कामात अंदाजपंचे काही चालत नाही. जोडायचं ते असं जोडायचं की पुन्हा सुटता कामा नये. बावीस वर्षं मी हेच करतेय. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना 'बाईचा हात चळला असेल' असं कोणाला वाटायला नको.

घरात आम्ही दोघंच, मी आणि मामा. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मामा सैन्य सोडून आला होता आणि एका गोदामात पहारा करायचा. तो मला घेऊन गेला आणि त्याने मला वाढवलं. लग्नाचं कोणी काढलं की म्हणायचा, "माझ्याकडे एक बाई आहे आधीच, सहा वर्षांची. तिलाच आवरता येत नाही." रोज सकाळी माझी वेणी घालायचा. त्याच्या उजव्या तळव्याची कातडी काचेसारखी गुळगुळीत होती, मानेला लागली की गुदगुल्या व्हायच्या. "काय झालं होतं रे?" असं विचारलं की "गरम तवा" एवढंच उत्तर.

सैन्यात तो रणगाडा चालवायचा. हे मला त्याच्या पेटीतल्या एका फोटोवरून कळलं. त्यात रणगाडा होता, समोर चौघंजण उभे होते, आणि मामा इतका बारीक होता की मी त्याला आधी ओळखलंच नाही. त्या दिवसांबद्दल त्याने कधी ब्र काढला नाही. लहानपणी मी फारच पाठ धरली तेव्हा एकदाच म्हणाला, "आतून काय दिसतं? पुढच्या गाडीचा पार्श्वभाग आणि धूळ. झोप आता."

यंदा त्याचा अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस होता. वर्षभरात तो बराच खचला होता. झोप नव्हती, जेवणावर मन नव्हतं. एका खेळण्यांच्या दुकानासमोरून जाताना मला काचेआड तो खोका दिसला. फोटोतलाच रणगाडा, हातभर लांबीचा, सुट्या भागांत. जोडून रंगवायचा.

"किती वर्षांच्या मुलासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग बारीक भाग गिळायची भीती नाही," म्हणाला आणि खोका कागदात बांधून दिला.

घरी काही लपून राहत नाही, म्हणून मी तो लॅबमध्ये जोडायला घेतला. जेवणाच्या सुट्टीत, एक ते दोन. आमची लॅब म्हणजे एक लांबट खोली, उत्तरेला खिडकी, तीन टेबलं. माझ्या शेजारी पावडरकाका बसतात. त्यांच्या भुवयांवरही प्लास्टर असतं, म्हणून हे नाव. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो भाग होते, प्रत्येकावर आकडा. ते कापायचे, कानशीने घासायचे, चिमट्याने बसवायचे. माझ्या हाताला ते काम घरच्यासारखं वाटलं.

पहिल्या आठवड्यात चाकं बसवली. डावीकडचं पाचवं चाक किंचित तिरकं बसलं. मी ते सरळ करणार, तेवढ्यात सुट्टी संपली. राहिलं तसंच.

त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता मामा म्हणाला, "आमचं डावीकडचं पाचवं चाक कायम डुगडुगायचं."

मी मान वर केली. "कसलं चाक?"

"रणगाड्याचं." जणू रोजच बोलतो अशा सुरात. "मिस्त्रीला दहादा सांगितलं. तो म्हणायचा, बाकीची धड आहेत ना?" आणि तो हसला. त्या वर्षात मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

योगायोग, असं मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता, आणि आनंद झालेला माणूस फार चौकशी करत नाही.

दुसऱ्या दिवशी चाक सरळ करायला घेतलं आणि केलं नाही.

पुढच्या आठवड्यात चालकाची जागा जोडली. एवढीशी खुर्ची, समोर दोन दांडे. टेबलाभोवती डिझेलचा वास येऊ लागला. "स्टोव्ह कोणी पेटवला?" पावडरकाकांनी विचारलं. आमच्याकडे स्टोव्ह नाही. त्यांनी खिडकी उघडली. बाहेरची हवा स्वच्छ होती, वास आतच होता. घरी गेले तर मामा आरामखुर्चीत बसला होता, दोन्ही मुठी गुडघ्यांवर, आणि खुर्चीतल्या खुर्चीत हलकेच डावी-उजवी मागे ओढत होता.

"हात दुखतात का रे मामा?"

"छे. मस्त चाललीय," तो म्हणाला.

मग वरच्या फिरत्या भागाची पाळी आली. मामा त्याला 'डोकं' म्हणतो, हे मला आता माहीत झालं होतं. त्यावर दोन गोल झाकणं होती, उजवीकडे हुकूम देणाऱ्या साहेबाचं आणि डावीकडे तोफेत गोळे भरणाऱ्याचं. झाकणं उघडी ठेवा किंवा बंद करा, तुमची मर्जी, असं कागदावर लिहिलं होतं. आतलं काम माझ्या मनासारखं झालं नव्हतं, म्हणून मी दोन्ही बंद करून चिकटवली. हा सांधा वितळून एकजीव होतो. सुटत नाही, मोडावा लागतो.

सकाळी डावं झाकण उघडं होतं.

मी भिंगाखाली पाहिलं. मोडल्याची खूण नव्हती. कडा नव्या होत्या, जणू त्यांना डिंक कधी लागलाच नव्हता. उजवं झाकण घट्ट.

"काका, हे तुम्ही उघडलंत?"

"मी?" ते म्हणाले. "बाई, मला माझा डबा उघडत नाही हल्ली."

पुन्हा चिकटवलं. या वेळी आमचं लॅबचं द्रव्य वापरलं. त्याने चिकटवलेला दात माणसासोबत शेवटपर्यंत जातो. सकाळी झाकण पुन्हा वर. सरळ उभं, आतल्या बाजूने ढकलल्यासारखं.

मी हट्टी आहे. मामाच म्हणतो. म्हटलं, आपली नजर हटली की काहीतरी होतं, तर नजर हटवायचीच नाही. बुधवार होता. सव्वाच्या सुमारास द्रव्य लावलं, झाकण बसवलं आणि त्यावर अंगठा दाबून धरला. भिंतीवरच्या घड्याळात पाहत बसले. तीन मिनिटं धरायचं होतं.

पहिल्या मिनिटात काही नाही.

मग अंगठ्याखाली काहीतरी लागलं. ठोका म्हणावा इतकंही नाही. नाडी जाणवते तसं. माझीच नाडी, मी मनात म्हटलं. अंगठा जोरात दाबला की असं होतं.

मी अंगठ्याऐवजी करंगळी ठेवली.

तीन ठोके. मग थांबले. तीन ठोके. मग थांबले.

नाडी थांबत नाही.

फोन वाजला. मी डाव्या हाताने उचलला. समोरच्या घरातल्या शिवणवाल्या ताई होत्या, धापा टाकत. "अहो, लवकर या! तुमचे मामा जिन्यात बसलेत. श्वास घेता येत नाहीये त्यांना. सदऱ्याची बटणं तोडलीत आणि नुसतं म्हणतायत, उघडा, झाकण उघडा. कसलं झाकण? मी घरातले सगळे डबे उघडले!"

माझी करंगळी अजून तिथेच होती.

तीन ठोके.

मी बोट उचललं.

झाकण माझ्या डोळ्यांदेखत वर आलं. सावकाश, जसं आत बराच वेळ बसलेलं माणूस डोकं बाहेर काढेल.

"हॅलो?" मी म्हटलं.

"थांबा हं..." फोनमध्ये ताईंचा श्वास ऐकू येत होता. "अहो, शांत झाले. आत्ता, एकदम. पाणी मागतायत."

मी घरी पोचले तेव्हा मामा जिन्याच्या पायरीवर उघड्या सदऱ्याने बसला होता आणि ताईंना सांगत होता की बटणं तोच लावेल, सुई-दोऱ्याला तो काही घाबरत नाही. मी त्याच्या शेजारी बसले. ताई आत गेल्या.

"चिंगे," तो म्हणाला, "आम्ही चौघं होतो."

"साहेब. मास्तर तोफ डागायचा, आधी शाळेत शिकवायचा म्हणून मास्तर. मी. आणि गोळे भरायला बारक्या. एकोणीस वर्षांचा. आतलं बोलायचं यंत्र सतत बिघडायचं, मग बारक्या पान्याने ठोकायचा. एक म्हणजे चल, दोन म्हणजे वळ, तीन म्हणजे थांब." त्याने जिन्याच्या कठड्यावर बोटाने वाजवून दाखवलं. "गाडी पेटली तेव्हा मी पुढून बाहेर पडलो. साहेब आणि मास्तर वरून निघाले. बारक्याचं झाकण अडकलं. मी वर चढलो, ओढलं. लोखंड तापलं होतं."

तो आपल्या तळव्याकडे पाहत होता.

"आतून ठोकत होता. तीन, आणि थांबायचा. तीन, आणि थांबायचा. थांब म्हणत होता गं मला. मी ओरडलो, थांबलोय रे, आहे इथेच. साहेबांनी मला कमरेला धरून खेचलं. मी हात सोडला." त्याने मूठ मिटली. "तेव्हापासून तो थांब म्हणतोय आणि मी आपला चालतोच आहे."

मी त्याचा हात हातात घेतला. तो गुळगुळीत तळवा माझ्या ओळखीचा होता, पण इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच नीट पाहिला. मी त्याला मॉडेलबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. ठोक्यांबद्दल तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी झाकणाला हात लावला नाही. बाकीचं पूर्ण केलं. हिरवा रंग दिला, चाकांभोवतीच्या पट्ट्यांवर चिखल, पुढच्या भागावर धूळ. दात रंगवायच्या ब्रशने, थर थर करून. काम करताना मी हळू आवाजात बोलत होते, हे पावडरकाकांनी सांगितलं तेव्हा मला कळलं. "काय बोलत होते?" मी विचारलं. "'झालंच हं, झालंच,'" काका म्हणाले. "लहान पोराला कपडे घालताना म्हणतात तसं." त्यांनी पुढे विचारलं नाही. पण त्या दिवसापासून सुट्टीत ते डबा घेऊन बाहेर पायरीवर बसू लागले.

वाढदिवस रविवारी आला. सकाळी जेवणाच्या टेबलावर मी खोका ठेवला. मामाने दोरी सोडली, कागदाची घडी केली, आणि मग खोक्याचं झाकण काढून पाहिलं.

मला वाटलं होतं तो रडेल. तो खाली वाकला, डोळे टेबलाच्या उंचीला आणले आणि एक एक चाक मोजत गेला. पाचव्याला बोट लावून हलवलं. समाधानाने हुंकार दिला.

मग त्याची नजर वर गेली.

"हे कोणी उघडलं?"

"मी नाही," मी म्हटलं. खरं होतं तेच सांगितलं.

त्याने उजव्या हाताची करंगळी उघड्या भोकात घातली आणि आत हळूच फिरवली.

"रिकामं आहे," मामा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, दारात पाहुणा उभा असावा तसा हसत म्हणाला, "निघाला वाटतं."

त्या दिवशी तो दोनदा वाढून घेऊन जेवला.

याला आता पाच आठवडे झाले. रणगाडा त्याच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर आहे. मामाला झोप लागते. रक्तदाब पाहून डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा मोजला आणि मला विचारलं, कोणतं औषध चालू केलंत? दुपारी त्याच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येतो, मधेच मोठ्याने हसतो. "कोणाशी बोलतोस?" मी विचारलं, तर म्हणाला, "कान किटले गं. पन्नास वर्षांचं साठवून ठेवलंय त्याने." मला काळजी वाटायला हवी, हे मला कळतं. पण वय झालं की माणसं एकटी बोलतात, आणि आनंदात बोलत असतील तर बोलू द्यावं, असं मी ठरवलंय.

काल सकाळी मामा लवकर उठला. अंघोळ केली, चहा घेतला आणि तासभर गॅलरीत पेपर वाचत बसला होता. मी त्याच्या खोलीत चादर बदलायला गेले. आईचा जुना मोठा पलंग आहे तो. हल्ली मामा भिंतीकडे सरकून झोपतो, का ते मी विचारलेलं नाही. चादर ओढायला मी हात टेकवला. भिंतीकडची बाजू गार पडली होती.

दुसरी बाजू अजून उबदार होती.

मी चादर तशीच राहू दिली आणि पावलं न वाजवता बाहेर आले.