सहीखालची रेघ

पेट्रोल पंपावर मीटरचं शून्य स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय केदार पाइप उचलू देत नसे, आणि साधा चष्मा दुरुस्तीला टाकला तरी काचेवर खूण करून देई. त्यामुळे लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बंद पडलं तेव्हा त्याने सगळ्यात आधी घरात मार्कर शोधला.

"चांगला पार्ट काढून भंगार बसवतात हे लोक," तो बायकोला म्हणाला. "समोर उघडायला लावणार आणि कार्डावर सही करणार."

मनवाने चंदेरी मार्कर शोधून दिला, पण त्याआधी त्याचा डावा कान वाकवून मागे छोटासा 'म' काढला. "तुलाच कुणी बदललं तर?"

"अगं, हा धुतला तरी जात नाही."

"म्हणूनच."

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या भिमाजीचं दुकान सुप्याला, एमआयडीसीच्या फाट्यावर. केदार तिथल्या कारखान्यांना यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करून देई, आणि कार्डाशिवाय एकही ड्रॉइंग उघडत नव्हतं. घरी त्याने कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं होतं, दुसरा मॉनिटर जोडून पाहिला होता. स्क्रीनवर नुसत्या हिरव्या रेघा. भिमाजीने मागचं झाकण उघडलं. कार्डाच्या तांब्याच्या पट्टीवर केदारने झोकात सही केली.

"करा, समदेच करत्यात," भिमाजी म्हणाला. "आमी आता वाईट वाटून घेत न्हाई."

केदार डोळ्यांत तेल घालून समोर बसला. चहाला म्हणूनसुद्धा उठला नाही. भिमाजीने कार्ड काढून त्याला थंड ठेवणारी, आता वाळलेली पेस्ट खरवडली, गरम हवा मारली, नवी पेस्ट लावून कार्ड बसवलं आणि बटण दाबलं.

स्क्रीन काळीच राहिली. तिच्यात केदारला आपला चेहरा दिसत होता. त्याने हनुवटीवरचा हात काढला. काचेतल्या चेहऱ्याने तो जरा उशिरा काढला.

मग एकदम उजेड झाला आणि ड्रॉइंग लख्ख उघडलं.

"झालं बघा," भिमाजी म्हणाला.

केदारच्या मनात मात्र पाल चुकचुकली. "परत उघडा. सही बघू दे."

सही होती. तिच्याखाली एक ऐटदार रेघही होती.

"ही माझी नाही. मी खाली रेघ मारत नाही. कार्ड बदललंत तुम्ही."

भिमाजीचा चेहरा पडला. "तुमी हितून हाललाबी न्हाई साहेब. मी कवा बदलू?" त्याने एक कोरा कागद पुढे सरकवला. "ह्याच्यावर करा बरं."

केदारने केली. अक्षरं डावीकडे कललेली, रेघ नाही. त्याने कागद विजयाने फिरवून दाखवला.

"आता लायसन काढा."

लायसनवर त्याच्या फोटोखाली सही होती. अक्षरं उजवीकडे कललेली, खाली रेघ. हुबेहूब कार्डावरची.

त्याने पुन्हा सही केली. डावीकडेच. मग मुद्दाम रेघ ओढायला गेला, तर ती कुठून सुरू करायची हेच हाताला कळेना. केदारला पहिल्यांदा भीती वाटली.

"कार्ड तेच हाय, साहेब," भिमाजी हळू आवाजात म्हणाला. लॅपटॉप त्याने टेबलावरून बोटांच्या टोकांनी सरकवला, केदारच्या हाताला हात लागू न देता.

नगरला घरी पोहोचेपर्यंत केदारला त्या 'म'चाच काय तो आधार होता. थकव्याने सही चुकत असेल, पण कानामागची शाई कुठे जाणार? त्याचा हात सारखा तिकडे जात होता.

मनवाने दार उघडलं. "कार्ड आपलंच आहे ना?"

"हो."

"आणि तू?" हसत हसत तिने त्याचा कान वाकवला.

तिचं हसू थांबलं.

तिने अंगठ्याने कानामागे घासून बघितलं. मग दुसरा कान.

"मनवा, आहे ना गं?"

ती दोन पावलं मागे सरकली. "बसा तुम्ही," ती म्हणाली आणि मोबाईल घेऊन गॅलरीत गेली. दार तिने बाहेरून ओढून घेतलं.

काचेतून ती नंबर लावताना दिसली. केदारने खिशातला फोन काढून हातात धरला. तो वाजला नाही.

"हॅलो," बाहेर मनवा म्हणत होती, "अरे केदार, कुठे आहेस तू?"

आणि मग ती बराच वेळ ऐकत राहिली.