तापियाच्या अंगरख्यावरचे ससे

यातला एक शब्द जरी खोटा असेल, तर माझी दहाही बोटं झडोत. मी विणकर आहे. अशी शपथ उगाच घेत नाही.

एरवी मी थापा मारतो. अख्खं शमीन गाव जाणतं.

ही थाप नाही.

पाओनी महिना, ऐन उन्हाळा. भर दुपार. चर्चच्या अंगणात माझी भाची नोन्ना नवरी म्हणून उभी होती.

नवरा हेराय. त्याची पहिली बायको तापिया चार महिन्यांपूर्वी वारली. लग्नातल्या अंगरख्यातच मला पुरा, असं ती सांगून गेली होती. त्या अंगरख्याच्या दोन्ही खांद्यांवर जांभळ्या लोकरीच्या गोल चकत्या, प्रत्येकीत पळता ससा. मीच विणलेले.

पुरायच्या आधी हेराय म्हणाला होता, "कोलूथबाबा, चकत्या काढून घे. वाळूखाली कोण बघायला बसलंय?"

जुन्या कपड्याची नक्षी नव्यावर लावतातच आमच्यात. पण जिवंत माणसाच्या कपड्याची.

तरी मी कात्री चालवली. भोकांना साधी ठिगळं लावली.

आणि आता त्याच चकत्या नोन्नाच्या खांद्यांवर होत्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडे माझ्या मागाची फणी वाजली...

ठक.

कारखान्याला कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला.

"मामा, माझ्या खांद्यांवर कुणी हात ठेवलेत?"

"ऊन लागलंय गं तुला."

"नाही... गार आहेत. सरकतायत."

मी पाहिलं. ससे मी बाहेरच्या बाजूला पळणारे विणले होते.

आता दोघांची तोंडं तिच्या गळ्याकडे होती.

ठक... चकत्या बोटभर आत सरकल्या.

नोन्नाचा श्वास अडकला. मी कात्री काढली आणि टाके कापत सुटलो.

"बघा, मामाच लग्न उसवायला निघाला!" कुणीतरी हसलं.

चकत्या खाली पडल्या. नोन्नानं श्वास घेतला.

"म्हाताऱ्या, डोकं फिरलं का तुझं? एवढी महागाची नक्षी!" हेरायनं त्या उचलून आपल्या छातीशी खोचल्या.

ठक.

तो तीन पावलं चालला. मग गळा धरून कोसळला.

गळ्यावर दोन गोल वळ. खोचलेल्या चकत्या... गायब.

त्याला तापियाशेजारी पुरायला आम्ही वाळू उकरली, तेव्हा तीही उघडी पडली. तिच्या खांद्यांवर ससे परत आले होते. टाका एकही नाही. जणू कधी काढलेच नव्हते. माझी ठिगळं तिच्या मुठीत, नीट घडी घातलेली.

नोन्ना सुखरूप आहे. पण कात्री माझी होती ना?

आज सकाळी मी माझा अंगरखा चढवला. उजव्या खांद्यावर गोल भोक. स्वच्छ कापलेलं.

डावा खांदा अजून शाबूत आहे...