ड-सातवरची फुली

टॉकीजच्या बाल्कनीतली रिकामी खुर्ची आपोआप मिटते. माणूस उठला की पावणेदोन सेकंदांत तिचं आसन वर जातं. सत्यभामानं मोबाईलवर वेळ लावून दहा खुर्च्या मोजल्या होत्या.

ड-सात मात्र मिटलेली राहत नव्हती.

स्प्रिंग शाबूत होती. दिवे चालू असताना आसन नीट वर असायचं. पण सिनेमा सुरू झाला, अंधार झाला, की ते सावकाश खाली यायचं... आणि तिथंच थांबायचं.

कुणीतरी बसल्यासारखं.

पटो न पटो, हे घडलेलं आहे. ठिकाण गेवराई. तारीख सात ते अकरा मे, दोन हजार पंचवीस. वेळ भर दुपारची, तीनची. सत्यभामा माझी चुलत बहीण. घाटनांदूरला शाळेत विज्ञान शिकवते. थापा मारणं तिच्या स्वभावातच नाही.

तिचा नवरा सोमेश्वर गेवराईत जुनं टॉकीज चालवतो. त्याची ही दुसरी बायको. पहिली, संगीता, चार वर्षांपूर्वी तापानं गेली. लग्नाला दोन वर्षं झाली तरी सत्यभामा घाटनांदूरला भाड्याच्या खोलीत राहायची आणि सुट्टीत गेवराईला यायची. सोमेश्वर दर वेळी विचारायचा, "बदली कधी घेतीस?"

"सांगते," ती म्हणायची.

पण सांगत नव्हती. घरात संगीताचा साधा फोटोही नव्हता. तरी टॉकीजची पायरी चढताना सोमेश्वरचा चेहरा उजळायचा, आणि ते उजळणं आपल्यासाठी नाही हे तिला कळायचं.

त्या आठवड्यात सीमेवर लढाई पेटली.

"लोकं सारखं हेर-हेर करायलेत," सोमेश्वर म्हणाला. "जुने हेरांचे, खुनाचे सिनेमे लावू. पाच दिवस, रोज एक. रातच्याला सगळे बातम्यापुढं बसत्यात, तवा तीनचाच खेळ."

तिकीट विकणारा माणूस लग्नाला गावी गेला होता. सुट्टीवर आलेली सत्यभामा खिडकीत बसली. तिथं खुर्च्यांचा छापील तक्ता असतो. जागा विकली की तिच्या चौकोनावर पेन्सिलीनं फुली मारायची, एवढंच काम.

बुधवारी चौथं तिकीट फाडताना तिचं लक्ष गेलं...

ड-सातवर फुली होती.

ती जागा तिनं कुणालाच विकली नव्हती.

खेळ सुरू झाल्यावर ती वर गेली. आसन खाली होतं. खुर्चीत कुणी नव्हतं.

"ड-सातवर कोण बसतं हो, बिभीषणमामा?" तिनं दारावरच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"आता कोन बसतंय, मॅडम. संगीतावैनींची जागा ती. लई डोकं बाईचं. मध्यंतराच्या आत खुनी सांगून मोकळ्या व्हायच्या. पुढली लोकं वैतागायची. म्हनायची, आता आमी थांबून काय करू, जातो घरी."

गुरुवारी फुली. शुक्रवारी पुन्हा फुली.

म्हणजे सोमेश्वर. आपल्याआधी खिडकीत येऊन तो मेलेल्या बायकोची जागा राखतोय. तिनं त्याला विचारलं नाही. संध्याकाळी भाकरी मात्र जरा जोरात थापल्या.

"काय झालं?"

"काही नाही."

शुक्रवारी ती ड-आठवर जाऊन बसली. अंधार झाला. शेजारचं आसन खाली आलं. करकर नाही, धक्का नाही. नुसतं... खाली.

पडद्यावर लष्कराचे कागद चोरीला गेले होते. वीस मिनिटं झाली असतील. तिच्या डाव्या कानाशी कुणीतरी बोललं.

"सायब न्हाई... त्याचा डायवर."

बाईचा आवाज. बसका, पण खुशीतला.

शेवटी ड्रायव्हरच हेर निघाला.

शनिवारी, वेगळ्या सिनेमात, तोच आवाज. "डाक्टरीण." आणि डॉक्टरीणच निघाली.

सत्यभामाला भीती वाटायला हवी होती. तिला हेवा वाटला. तिला स्वतःला एकदाही ओळखता आलं नव्हतं.

तिनं मागं वळून मशीनखोलीच्या झरोक्याकडे पाहिलं. तिथं सोमेश्वरचा चेहरा होता. तो पडदा बघत नव्हता.

तो ड-सात बघत होता.

शनिवारी संध्याकाळी लढाई थांबली. तरी रविवारचा शेवटचा सिनेमा लावायचं ठरलं. सगळा जहाजावरचा. कप्तान, आचारी, चार प्रवासी, आणि एक खून. सत्यभामा ड-आठवर बसली. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. शेजारी काहीच नाही.

मग मध्यंतराच्या जरासं आधी...

"तिकिटं इकनारी."

जहाजावर अशी बाई नव्हती. शेवटपर्यंत आली नाही. खून आचाऱ्यानं केला होता. आवाज पहिल्यांदाच चुकला होता.

जिना उतरताना सत्यभामाचे पाय थांबले.

तिकिटं ती स्वतः विकत होती.

खिडकीच्या खणात पाच दिवसांचे पाच तक्ते होते. तिनं चष्मा लावला. ड-सातवरच्या प्रत्येक फुलीच्या खालच्या टोकाला बारीक टिंब होतं. पेन्सिल उचलण्याआधी जरा टेकवायची, ही तिची सवय. पंधरा वर्षं चुकीच्या उत्तरांवर ती अशीच फुली मारत आली होती. खुर्च्या मोजणाऱ्या बाईनं तेवढी एकच गोष्ट नीट बघितली नव्हती. कारण ती फुली सोमेश्वरनंच मारली, हे तिनं आधीच ठरवून टाकलं होतं.

"मामा, या जागेवर फुली कोण मारतं?"

"तुमीच की, मॅडम. खिडकी उघडली की पैली फुली तितंच. मला वाटलं, मालकानं सांगितलं आसंल."

तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. ते तक्ते तिनं मला दाखवले, टिंब मीही पाहिलं. आता उत्तरपत्रिका तपासताना ती फुली मारत नाही, चुकीच्या उत्तराभोवती गोल करते.

त्या दुपारी ती मशीनखोलीत गेली आणि सोमेश्वरला सगळं सांगितलं. तो हसेल, नाहीतर घाबरेल, असं तिला वाटलं होतं. तो स्टुलावर बसला.

"आसन खाली येताना मीबी बघितलं," तो म्हणाला. "चार वर्षांत पैल्यांदा. पन मला आवाज न्हाई आला... बसका होता का?"

"हो."

"हसली का?"

"नाही. पण खुशीत होती."

"अजून काय म्हनली? नीट आठव."

त्यानं तिचं मनगट धरलं होतं. दोन वर्षांत त्यानं तिला एका दमात इतके प्रश्न कधीच विचारले नव्हते.

"उद्या परत बस तितं," तो म्हणाला. "फुली मार. सिनेमा मी लावतो. आपल्यापुरता."

तिनं झरोक्यातून खाली पाहिलं. हॉल रिकामा झाला होता. सगळे दिवे चालू होते. सगळ्या खुर्च्या मिटलेल्या होत्या...

एक सोडून.

सत्यभामानं मनगट सोडवून घेतलं.

"अहो, मी बदली घेणार नाही," ती म्हणाली. "मी घाटनांदूरलाच राहणार."