सीतालक्ष्मीचं हसू

मैलापूरच्या त्या तंजावरी मराठी घरात श्राद्धाच्या दिवशी एक जास्तीचा विधी असे. ब्राह्मण जेवून गेले की घरची पानं मांडण्याआधी सुधींद्रराव माडीवरच्या खोलीच्या खिडक्या लावून घेत आणि भिंतीवर आईचा सिनेमा दाखवत.

सिनेमा म्हणजे एका जुन्या तमिळ बोलपटाचं उरलेलं एकच रीळ, तेही मुकं झालेलं. त्यात सीतालक्ष्मीबाई चाळीस सेकंद दिसत. दिवा लावत, ओंजळीत तोंड झाकून रडत, मग काचेच्या बांगड्यांनी भरलेले हात खाली घेऊन चक्क समोर बघून हसत. हे हसणं कथेत नव्हतंच. कॅमेऱ्यामागे कुणाच्या तरी कडेवर दोन वर्षांचे सुधींद्रराव होते, त्यांना बघून ती हसली होती. पुढल्याच वर्षी ती गेली. आईचं म्हणून त्यांच्यापाशी उरलं ते एवढंच, आणि त्यावर त्यांचा सगळा जीव.

यंदा मात्र त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तांबरमच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीने, नित्याने, गेल्या वर्षी हा सिनेमा फोनवर टिपून ठेवला होता. महिन्यापूर्वी त्यातलं तीन सेकंदांचं रडणं कापून, त्याला नाचाचं गाणं जोडून तिने नेटवर टाकलं. खाली लिहिलं, ‘सोमवारी सकाळी मी’. वीस लाख लोक हसले. आता कुणाची परीक्षा बुडो की कुणी मॅच हरो, सीतालक्ष्मीबाईंनी रडायचं. पुढे ती हसते, हे बघायला एकालाही सवड नव्हती. असल्या घिसाडघाईच्या जगात जुनं काही जपावं तरी कसं?

“सॉरी, तात्ता,” नित्या अंधारात आजोबांना म्हणाली. “मी काढून टाकलं ते.”

“गप्प बस आणि शेवटपर्यंत बघ.”

प्रोजेक्टर घरघरू लागला. तापलेल्या धुळीचा वास आला, त्यात खालून येणारा तिळाचा आणि तुपाचा. आईने दिवा लावला. ओंजळीत तोंड झाकलं. हात खाली घेतले... आणि पुन्हा झाकलं.

फिल्म अडकली असेल म्हणून ते वाकले. अडकली असती तर जळाली असती. चाकं तर नीट फिरत होती. भिंतीवर आई तोंड झाकत होती, उघडत होती, पुन्हा झाकत होती. हसायची वेळ टळून गेली. रीळ संपलं, टोक सुटून फटफट आपटू लागलं, तरी तिचं चालूच. खांद्यावरून घसरलेला पदर सावरायलाही तिला उसंत नव्हती.

“नित्या... अजून कुठे आहे का ते?”

“दुसऱ्यांनी घेतलंय ना... खूप जणांनी. ते मी कसं काढू, तात्ता?”

नातीचा इतका राग त्यांना जन्मात आला नव्हता.

“तिला सोडा,” ते भिंतीकडे बघत पुटपुटले. “हवं तर... जिने केलं तिला घ्या.”

आईचे हात थांबले. हळूहळू खाली आले. तिने समोर शोधलं, सुधींद्रराव सापडले, आणि ती हसली. दरवर्षी दोन सेकंदांत संपणारं हसू यंदा संपेना. पंचाहत्तरीचे सुधींद्रराव सुखाने रडू लागले.

मागे काचेच्या बांगड्या किणकिणल्या. थांबल्या. पुन्हा किणकिणल्या. नित्या बांगड्या घालत नसे.

ते वळले. नित्या ओंजळीत तोंड झाकून उभी होती. हात खाली आले, भेदरलेले डोळे दिसले, “ता...” एवढंच तोंडून फुटलं, आणि हात पुन्हा वर गेले. मग पुन्हा तेच. “ता...”

त्यांचा हात प्रोजेक्टरच्या बटणापर्यंत गेला. भिंतीवरचं हसू जरासं मावळलं. त्यांनी हात मागे घेतला.

“पानं वाढलीत,” सून विद्युलता जिन्यातून म्हणाली. “नित्या येतेय ना?”

“तुम्ही बसा जेवायला,” ते म्हणाले. “आम्ही बघतोय.”

त्यांनी खुर्ची भिंतीजवळ ओढून घेतली. आईने त्यांना घ्यायला दोन्ही हात पुढे केले होते, आणि तिच्या मनगटांत आता एकही बांगडी नव्हती.