गल्लीतून गेलेली रेघ

हरकती स्वीकारण्याचा शेवटचा दिवस. टेलरबाई वॉर्ड ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा तिच्यात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. लिफ्ट बंद, हातात एकशे ऐंशी सह्यांचा गठ्ठा, आणि खिडकीवरचा कारकून जेवायला गेलेला! ती बाकावर मटकन बसली. बाकावर आधीच एक माणूस होता – मांडीवर कागदाची लांब गुंडाळी, डोळ्यांखाली काळं, आणि शर्टाचं वरून दुसरं बटण गायब. तिची नजर बटणावर गेलीच. धंद्याची खोड, दुसरं काय.

समोरच्या भिंतीवर नव्या प्रभागांचा नकाशा डकवला होता. निवडणुकीसाठी शहराचे नवे तुकडे पाडले होते, आणि एक लाल रेघ तिच्या गल्लीच्या बरोबर मधून गेली होती. डावीकडची घरं नऊ नंबरात, उजवीकडची दहात.

"ज्यानं ही रेघ मारली ना," ती भिंतीलाच म्हणाली, "तो एकदा मला भेटायला हवा."

"भेटला तर काय कराल?" शेजारच्यानं विचारलं.

"एवढे जिने चढून कोणाचं काय करणार? फक्त आमच्या गल्लीतून चालवेन त्याला. गल्ली म्हणजे नुसत्या फरश्या आहेत हो, खाली गटार. एक फरशी तुटली आणि माझी आई गुडघ्यापर्यंत आत गेली. आठ महिने अंथरुणावर! ती फरशी बदलून घ्यायला नगरसेवकाच्या दारात अकरा वेळा गेले मी. आज निदान जायला एक दार तरी आहे. उद्या हा म्हणेल हद्द त्याची, तो म्हणेल याची. दोन घरचा पाहुणा उपाशी."

तो गुंडाळीशी चाळा करत राहिला. मग हळूच म्हणाला, "रेघ... मीच मारलीये."

तिनं मान वळवून नीट बघितलं. खरं तर ओरडायला हवं होतं. पण तो इतका दमलेला दिसत होता की तिला शिव्याच सुचेनात.

"का पण?"

"हद्द शक्यतो ओढ्यावरून, मोठ्या रस्त्यावरून न्यायची असते. जुन्या नकाशात तिथं ओढा आहे."

"माझ्या आजोबांच्या वेळी होता! झाकला त्याला चाळीस वर्षं झाली."

"बारा दिवसांत अख्खं शहर काढायचं होतं. जागेवर जायला..." त्यानं वाक्य तिथंच टाकून दिलं.

"मग रविवारी या. चालवेन म्हटलंय ना."

"मारणार नाही ना?"

"ते तुम्ही कसे चालता त्यावर," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी स्वतःचं हसू तिला ऐकू आलं.

रविवारी बारीक पाऊस होता. तो खरंच आला, त्याच शर्टात. दारादारांतून डोळे लागलेले. "जपून – ही हलते," ती म्हणेपर्यंत त्याचा पाय सटकलाच. तिनं मनगट धरलं.

"फरश्या संपल्या," गल्लीच्या टोकाला तो म्हणाला.

"हं," ती म्हणाली. मनगट अजून तिच्याच हातात होतं.

"अगं, धरलाच आहेस तर चहाला तरी आण!" खिडकीतून आईनं हाळी दिली. टेलरबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तो मात्र वाकून एका फटीला कान लावून बसला होता. खाली पाणी वाहत होतं. उठला तेव्हा चेहरा उतरलेला.

"सुनावणीत सांगावं लागेल मला. जागेची पाहणी केली, असा खोटा शेरा लिहून सही ठोकलीये मी."

"मग सांगू नका," तिच्या तोंडून निघून गेलं. "आमच्या सह्या आहेत की. भागेल त्यावर."

"साहेब सह्या बघत नाहीत. शेरा बघतात."

आणि तसंच झालं. सुनावणीत तिला तीन मिनिटं मिळाली. साहेबांनी मान वर न करताच सांगितलं, "पाहणी झाल्याचा शेरा आहे. पुढची हरकत!"

एक वाक्य बोललं की गल्ली वाचत होती. पण त्या वाक्यानं त्याची मान कापली जाणार होती. आईचा पाय आठवला, अकरा खेपा आठवल्या... आणि आयुष्यात पहिल्यांदाच टेलरबाईची जीभ टाळ्याला चिकटली.

"साहेब," मागून आवाज आला. "पाहणी झाली नव्हती. शेरा मी खोटा लिहिला. नंतर गेलो होतो. तिथं ओढा नाही, रस्ता आहे. समोरासमोर माणसं राहतात."

महिन्याभरानं नवा नकाशा लागला. रेघ मागच्या मोठ्या रस्त्यावर सरकली होती. गल्लीनं पेढे वाटल्यागत आनंद केला. नकाशेवाल्याची बदली झाली, बसनं पाच तास लांब.

निघायच्या आदल्या दिवशी तो तिच्या दुकानात आला. "बटण लावून मिळेल?"

"काढू नका, अंगावरच लावते." ती जवळ आली. "आणि श्वास सोडा हो, सुई टोचेल."

तो श्वास सोडून म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं. मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

सुई थांबली. "बोलायलाच हवं होतं. गल्ली बुडाली असती तर जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं मी. पण तुमचा घात माझ्या तोंडून... नाही झाला. आवडता तुम्ही मला. झालं समाधान? फार दमलेय मी, पुन्हा विचारू नका."

"नाही विचारत," तो म्हणाला. "सांगतो फक्त. त्या दिवशी गल्लीसाठी उठलो, हे अर्धंच खरं आहे. तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात, ते मला बघवेना."

तिनं दातानं दोरा तोडला, बराच वेळ लावून.

"खालचं पण सैल झालंय," ती म्हणाली. "ते आज लावणार नाही."

"मग कधी?"

"रविवारी, तिकडं येऊन. पाचच तास तर लागतात."