नवव्या गाण्यातलं नाव

“आधी एक सांगा. ह्याच्या पोटातलं काही काढून तर घेणार नाही ना तुम्ही?”

हे मंजुळाचं पहिलंच वाक्य. नमस्कार नाही, चमत्कार नाही! डोंबिवलीतल्या त्या कॉम्प्युटर क्लासात ती पहिल्यांदा पाऊल टाकत होती, समोरच्या माणसाला तिने जन्मात कधी पाहिलं नव्हतं, आणि हातातलं यंत्र मुठीतून सुटायला तयार नव्हतं.

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. मंजुळा एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला. बाटलीवरचं लेबल वाचून झालं तरी झाकण उघडून खात्री करणारी. त्यात हे यंत्र तिच्या काळुराममामाने आणलेलं. मामा बोटीवर खलाशी, त्याने ते थेट सिंगापूरहून आणलं. काडेपेटीपेक्षा जरा मोठं, राखाडी. ना कॅसेट ना सीडी, तरी म्हणे ह्यात गाणी राहतात! बाळकुमच्या घरी महिनाभर सगळ्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. शेजारच्यांना तो पेजर वाटला. तिच्या वडिलांनी, आबांनी, कॅसेट घालायची फट शोधून शोधून शेवटी नाद सोडला. गाणी कॉम्प्युटरमधून भरावी लागतात हे कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं, म्हणून आज ती इथे आली होती. नव्व्याण्णव सालच्या डिसेंबरात असं काम करून देणारा दुसरा कुणी तिला माहीत नव्हता.

“पोटात काही असेल तर काढीन ना,” समोरचा तरुण म्हणाला. क्लास त्याचाच, नाव गुरुदत्त. त्याने खिशात हात घातला आणि टेबलावर ठेवलं... तस्संच यंत्र! तोच राखाडी रंग, तीच बटणं.

“अय्या!”

“मित्राने आणलं दुबईहून. मला वाटत होतं, कल्याण-डोंबिवलीत मी एकटाच शहाणा.” तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर बारीक खळी पडली, आणि ती आपल्याला दिसली ह्याचाच मंजुळाला राग आला. “तुम्हालाही विचारतात का हो, कॅसेट कुठे घालायची?”

“रोज! आणि बॅटरी—”

“खाऊन टाकतं! दर दोन दिवसांनी नवी. आणि जागा किती? दहा गाण्यांची. अकरावं हवं असेल तर एकाला घराबाहेर काढायचं.”

“मग तुम्ही कुणाला काढता?”

“रडक्या गाण्यांना,” तो म्हणाला. “तुमचं ठेवून जा. गाण्यांची यादी द्या. गुरुवारी न्या. नाव?”

“मंजुळा.”

त्याचं पेन थांबलं. “मंजुळा?”

“का? नाव ठेवायला बंदी आहे?”

“नाही... राहायला कुठे?”

“बाळकुम.”

“बाळकुमच्या... मंजुळा,” तो स्वतःशीच पुटपुटला आणि एकदम मान खाली घालून लिहायला लागला. कानाच्या पाळ्या लालबुंद! मंजुळाच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. गाणी भरायला ह्याला गाव कशाला हवं? पण ती निर्धास्त होती. घरून निघतानाच तिने बॅटरीच्या झाकणाआड लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. माल बदलला तर पकडता येईल, एवढी सोय केल्याशिवाय ही बया वस्तू दुसऱ्याच्या हातात देते होय?

गुरुवारी त्याने यंत्र दिलं ते तिच्याकडे न बघता. “नववं गाणं... जमलं तर नीट ऐका,” एवढंच म्हणाला आणि कुठलीशी वायर शोधायला टेबलाखाली गेला, तो ती बाहेर पडेपर्यंत वर आलाच नाही.

बाळकुमला संध्याकाळी खाडीवरून गार वारा येत होता. पडवीत जाळी पडली होती, त्यांवर टेकून मंजुळाने कानात इअरफोनची बोंडं घातली. आठ गाणी झकास! पण आपल्या यादीतली नव्हेत. मग नववं सुरू झालं आणि ती ताडकन उठून बसली.

आवाज आवडाबाईआत्याचा होता! तिची सख्खी आत्या, गावची धवलारीण. आजूबाजूच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची परंपरागत गाणी, गायला तिलाच बोलावणं. आणि आत्या गात होती:

“बाळकुमचे वाटंवं उबी गो मंजुला,
खाडीपारशी येतंय नवरा गुरुदत्त...”

गाणं अर्ध्यावरच तुटलं. मंजुळाने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. नवरा... गुरुदत्त! तिने बॅटरीचं झाकण उघडलं. ठिपका नव्हता.

म्हणजे यंत्र बदललेलं. आणि ह्या बदललेल्या यंत्रात तिचं लग्न लागत होतं!

तिचं डोकं भणाणलं. गेल्या वर्षी शहाडच्या एका स्थळाशी घरच्यांनी तिला न विचारता सुपारी फोडली होती. चार दिवस ती जेवली नव्हती. शेवटी आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं की यापुढे तुला विचारल्याशिवाय कुठे शब्द देणार नाही. आत्या तेव्हा शेजारीच बसलेली. आणि आता हे? तो शब्द खोटा असेल तर ह्या घरात विश्वास ठेवायचा तरी कुणावर? नुसत्या विचारानेच तिला रडू फुटलं.

डोळे पुसले आणि तशीच आत्याच्या चुलीपुढे जाऊन उभी राहिली.

“आत्या, खरं सांग. माझं कुठे जमवलंत?”

“क्याला गो? कोनी बोलला?”

मंजुळाने बोंड तिच्या कानात घातलं. आत्याने स्वतःचाच आवाज ऐकला आणि हातातला कालथा खाली ठेवला. “आगो बाय! ह्यो तं त्याच पोऱ्याचा!”

“कुठला पोऱ्या?”

“डोंबोलीचा. दिवालीचे आदी आला व्हता टेप घेऊन. त्याचे बहिनीचे लग्नान बेंडवाल्यांनी धवलारनीला मधीच गप केला. त्याची आई रडली ना. मंग त्यानी आईसाठी धवला मांगला माजेकडं.”

“आणि माझं नाव?”

“नाव घातल्याबिगर धवला गावाचा नसतो. नवऱ्याचा नाव इचारला, त्यानी सोताचा दिला. नवरीचा इचारला तं गप! मंग माजे तोंडान तुजाच आला, मी काय करू?”

“शब्द दिलास त्याला?”

“तुजे आबाची शपथ, नाय. म्हनून तं अर्दाच गायला. फुडचा हलद लागल्यावं, मांडवान गावाचा. लगीनच नाय तं पुरा कसा गाईन?”

मंजुळाचा जीव भांड्यात पडला. पुरता नाही, अर्धाच, त्या धवल्यासारखा. घरच्यांनी फसवलं नव्हतं. पण यंत्र कसं बदललं? आणि नववं गाणं नीट ऐका म्हणणारा तो टेबलाखाली कशाला लपला?

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटल्या सुटल्या ती क्लासात शिरली. यंत्र टेबलावर आपटलं, झाकण उघडं.

“माझं कुठंय?”

गुरुदत्तने शर्टाच्या वरच्या खिशातून काढून दिलं. लाल ठिपका जागेवर होता. ते तो खिशात, छातीशी घेऊन हिंडत होता हे तिच्या लक्षात आलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

“सारखीच दिसतात हो... चुकून बदललं.”

“खोटं.”

तो हळूच म्हणाला, “चुकून नाही.”

“हं! आता बोला.”

“आईसाठी धवला आणला. ती रोज ऐकते आणि रोज विचारते, ही बाळकुमची मंजुळा कोण रे? मी म्हणायचो, कुणी नाही, आवडाबाईंनी घातलेलं एक नाव आहे. आणि त्या दिवशी ते नाव इथे आलं. माझ्याशी भांडत!” तो कसनुसं हसला. “मला तोंडाने सांगता येईना. म्हटलं, गाणंच सांगेल.”

“म्हणजे तुम्हीसुद्धा!” मंजुळाचा आवाज चढला आणि तिथेच कातर झाला. “सगळ्यांनी माझं ठरवायचं, गाणी गायची, यंत्रात भरायचं... आणि मला विचारायचं कुणीच नाही?”

खळी कुठल्या कुठे गेली. “चुकलं माझं,” तो म्हणाला. त्याने आपलं यंत्र वायरीला जोडलं. पडद्यावर दहा नावांची यादी आली. नवव्या नावावर येऊन तो थांबला. “पुसून टाकतो. कॉम्प्युटरवरचं, कॅसेटवरचं, सगळं. आईला काहीतरी सांगेन.”

त्याचं बोट बटणावर गेलं. सगळ्या बाटल्या हुंगून बघणारी मंजुळा ते बोट बघत राहिली. इतके दिवस जिथे तिथे खोट शोधली, आणि आता समोर खोट सापडेना. माणूस खरा होता. आवडला होता तिला... पहिल्याच दिवशी, खळीसकट. त्याचाच तर राग आला होता!

“थांबा.”

तो थांबला.

“विचारा ना आधी.”

“पुसू का... हे?”

“ते नाही हो!”

गुरुदत्तने बोट उचललं. उभा राहिला. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. “मंजुळा... माझ्याशी लग्न कराल?”

तिने पर्स उघडली, लाल नेलपॉलिशची बाटली काढली, त्याचं यंत्र वायरीवरून सोडवून घेतलं आणि झाकणाआड, अगदी जिथल्या तिथे, एक ठिपका दिला. फुंकर घालून वाळवला.

“उरलेला धवला ह्यात भरायचा नाही,” ती मान वर न करता म्हणाली. “तो मला मांडवात ऐकायचाय. आबांना विचारायला आईला घेऊन या... रविवारी.”

त्याने दोन्ही यंत्रं तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. तोच रंग, तीच बटणं, आणि आता ठिपकाही तोच.

“अहो, पण आता ओळखायचं कसं? कुठलं तुमचं, कुठलं माझं?”

“नाही ओळखायचं,” मंजुळा म्हणाली, आणि हाताला लागलं ते उचलून पर्समध्ये टाकलं.