सत्तावीस जणांचा केक

चंद्रावरच्या मेघदरी तळाच्या स्वयंपाकघरात बुधवारी सकाळी एक नवं भांडं आलं. ते पाहताच डॉ. वामन टिपणीस यांनी ओव्हन बंद करायला सांगितलं. भांडं त्यांच्या नातीनं, अकरा वर्षांच्या केतकीनं मागवलं होतं. ते गोल होतं, गुळगुळीत होतं आणि पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद होतं.

मेघदरीत बारा माणसं राहत होती. शेजारच्या तळावरचं हवा शुद्ध करणारं यंत्र कायमचं बंद पडल्यामुळे तिथली पंधरा माणसं दुपारी इथे राहायला येणार होती. मेघदरीचा एक रिवाज होता. नव्या माणसांबरोबर एकाच भांड्यातला केक सारखा वाटून खायचा. तो खाल्ला की माणूस तळाचा झाला. तोवर तो पाहुणा. पाहुण्याला काम मिळत नसे आणि बैठकीत मतही देता येत नसे. दोन भांड्यांत दोन केक केलेले चालत नसत. केक करायचा मान तळावरच्या सर्वांत लहान माणसाचा, म्हणजे केतकीचा होता.

पीठ एकाच केकपुरतं उरलं होतं आणि पुढचं यान यायला चार महिने होते. केतकीला याची धास्ती होती, कारण येणाऱ्यांमध्ये तिच्याच वयाची नूर मुजावर होती. केतकी तळावरचं एकुलतं एक मूल. केक बिघडला तर नूर चार महिने पाहुणीच राहणार, आणि केतकीचा बहुतेक दिवस जिथे जायचा त्या प्रयोगशाळेत पाहुण्यांना पाऊल टाकता येत नव्हतं.

केतकीनं हिशेब केला होता. बारा जणांचा केक वीस सेंटिमीटरच्या भांड्यात होतो. सत्तावीस म्हणजे बाराच्या सव्वादोनपट. वीसची सव्वादोनपट पंचेचाळीस. तिनं तो आकडा वर्कशॉपमधल्या खुंटी नावाच्या यंत्रमानवाला सांगितला.

“मी विचारलं होतं, व्यास नक्की ना?” खुंटी म्हणाला. “ही म्हणाली, तू बनव, डोकं चालवू नकोस. मी चालवलं नाही.”

आजोबा रागावले नाहीत. ही चूक या तळावरच होऊ शकते, असं त्यांचं म्हणणं पडलं. इथे नळ, झडपा, खिडक्या, दारं सगळं गोल आहे. आतल्या हवेचा दाब गोल आकार सगळीकडून सारखा पेलतो. कोपरा असला की तिथे चीर पडते. त्यामुळे प्रत्येक वस्तू तिच्या व्यासावरून (वर्तुळाच्या एका काठापासून मध्यातून दुसऱ्या काठापर्यंतच्या अंतरावरून) ओळखली जाते. केवढं, असं विचारलं की सगळे व्यास सांगतात. मात्र माणसांचं पोट व्यासानं भरत नाही.

त्यांनी वीसच्या भांड्याच्या तळाशी हरभऱ्यांचा एक थर लावायला सांगितला. हे बारा जणांचे हरभरे. केतकीनं ते मोठ्या भांड्यात ओतले, मग परत लहान भांडं भरलं आणि ओतलं. मोठ्या भांड्याचा तळ झाकायला पाच भांडी हरभरे लागले, वर मूठभर आणखी.

“बारा पंचे साठ,” केतकी म्हणाली. “म्हणजे हे साठ जणांचं भांडं आहे, आजोबा.”

“आणि तुझं मिश्रण सत्तावीस जणांचं. ते यात ओतलं असतंस तर बोटभर उंचीचा केक झाला असता. केक कसला, कडक भाकरीच.”

हे का झालं, ते आजोबांनी फरशीवर खडूनं चौकोन काढून दाखवलं. भांडं रुंद करताना ते एकाच दिशेनं वाढत नाही, लांबीला वाढतं तसं रुंदीलाही वाढतं. बाजू दुप्पट केली तर चौकोनात पहिल्यासारखे चार चौकोन मावतात, तिप्पट केली तर नऊ. गोल भांड्याचंही तसंच. केक किती जणांना पुरेल, हे त्याच्या क्षेत्रफळावर (वस्तूनं किती जागा व्यापली त्या मापावर) ठरतं, कारण केकची उंची आपण तीच ठेवतो.

“मग मला असा आकडा हवा, जो स्वतःनं गुणला की सव्वादोन होतो,” केतकी सावकाश म्हणाली. “एक एके एक. कमी पडला. दोन दुणे चार. जास्त झाला.”

“माझ्या लहानपणी दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, पाठ करून घ्यायचे,” आजोबा म्हणाले.

केतकीनं बोटानं फरशीवर गुणाकार केला. दीड गुणिले दीड, सव्वादोन. वीसची दीडपट तीस.

खुंटीनं पहिलं भांडं वितळवून तीसचं केलं. हरभरे घालून पाहिले. सव्वादोन भांडी बरोबर बसली. नेहमी चार अंड्यांची पूड लागे, आता नऊ अंड्यांची घेतली. रुंद केकचा मध्य काठापासून लांब असतो आणि तिथे उष्णता उशिरा पोचते. म्हणून ओव्हन थोडा मंद ठेवून केक जास्त वेळ भाजला.

दुपारी पंधरा जण आले. केक उंच फुगला होता. मध्यापासून काठापर्यंत सत्तावीस काप केले असते तर त्यांची टोकं चुरली असती, म्हणून केतकीनं आधी मधोमध वीस सेंटिमीटरचं वर्तुळ कापलं. त्याचे बारा तुकडे केले आणि भोवतीच्या कड्याचे पंधरा.

नूर हाताची घडी घालून पाहत होती. कडं जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होतं.

“मधला गोल तुम्हाला आणि काठ आम्हाला?” तिनं विचारलं. “आम्ही तर जास्त आहोत.”

केतकीनं आधी सांगितलं, की तुकडा कोणीही कुठलाही उचलायचा आहे. मग वजनकाटा नूरपुढे सरकवला. “तूच बघ.”

नूरनं मधला एक तुकडा ठेवला, नंतर काठाचा. काट्यावर दोन्ही वेळा जवळपास तेच वजन दिसलं. तिनं तुकडे बदलून पुन्हा पाहिलं. तीस गुणिले तीस नऊशे, त्यातून मधले वीस गुणिले वीस, म्हणजे चारशे वजा केले तर पाचशे उरतात, असं केतकीनं समजावलं. चारशेत बारा माणसं, पाचशेत पंधरा. कडं अरुंद असलं तरी लांब असतं.

नूरनं काठाचा तुकडा उचलला आणि उभ्या उभ्या संपवला. मग ती रिकाम्या भांड्याजवळ गेली.

“पुढे कधी आपण अठ्ठेचाळीस झालो तर?”

“बाराच्या चौपट,” केतकी म्हणाली. “कोणता आकडा स्वतःनं गुणला की चार होतो?”

“दोन. म्हणजे दुप्पट रुंद. चाळीस.” नूरनं खुंटीकडून मोजपट्टी घेतली, ओव्हनचं दार उघडलं आणि वाकून आत मापलं.

“मावेल,” ती म्हणाली.